हलू का?

चौदा फुटांची होडी. वर छप्पर नाही, आडवं व्हायला जागा नाही, बसायला तीन फळ्या. अशा होडीतून तीन-तीन दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडणाऱ्यांना लोक खुळे म्हणतात आणि त्यात फारसं काही चुकत नाही. त्यातून त्या दोघी सासू-सुना असल्या, तर बोलायलाच नको.

होडी बांधली होती सासूबाईंच्या मुलानं, म्हणजे सुनेच्या नवऱ्यानं. शीड सासूबाईंनी शिवलेलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई, पण त्या जाडजूड कापडानं तिच्याही नाकी नऊ आणले होते. चार वर्षांपूर्वी मुलगा आजारपणात गेला. होडी घ्यायला गिऱ्हाईक आलं, तर सासूबाईंनी त्याला दारातूनच पिटाळलं. "विकायची कसली? आम्हाला काय हात नाहीत?" तेव्हापासून दरवर्षी या दोघी निघायच्या.

मुलानं घालून दिलेला एक नियम त्या पाळत. मनात आलं म्हणून होडीत उठायचं नाही. आधी विचारायचं, "हलू का?" दुसऱ्यानं आपलं वजन सावरायचं आणि मगच म्हणायचं, "हल." कुणी उतरणार असेल, तर मागे राहणाऱ्यानं आधी मधल्या फळीवर सरकायचं, नाहीतर होडी कलंडायची. ही सवय इतकी अंगात भिनली होती की घरी स्वयंपाकघरातल्या बाकावरून उठतानाही तोंडून तेच निघायचं, आणि मग दोघी हसत सुटायच्या.

या खेपेला मात्र सुनेला काहीतरी सांगायचं होतं. छापखान्यातल्या एका माणसानं तिला लग्नाचं विचारलं होतं. माणूस शांत, भला; पण त्याची बदली झाली होती लांबच्या शहरात. सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. तिचं मन तयार होतं, जीभच वळत नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय?" आणि स्वतःला एवढं स्पष्ट बोलता येईना! आईंना एकटं टाकून जायचं? कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी तिनं ठरवलं, होडीत सांगू. तिथून रागानं उठून जायला जागाच नसते.

पहिल्या दिवशी वाऱ्यानं बोलू दिलं नाही. लाट आत यायची आणि सून डब्यानं उपसून बाहेर फेकायची. "उपस गं, उपस! आंघोळ मी घरून करून आलेय!" सुकाणू धरून सासूबाई ओरडत होत्या. बिस्किटांचा लगदा झाला, हातांना फोड आले. संध्याकाळी वाळूला लागताना सासूबाई मधल्या फळीवर सरकल्या, "हल" म्हणाल्या, आणि सून नांगर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. ओल्या अंगानं प्यायलेला तो थर्मासमधला चहा! जगात कुठल्या चहाला ती चव नाही. तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य चहाबरोबर पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या वाळूवर होडीची सावली सोबत चाललेली दिसत होती. सासूबाई मोठमोठ्यानं, बेसूर गात होत्या. एवढ्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून तोही दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा साफ पडला. शीड लोंबायला लागलं. वल्ही मारून दमल्यावर सून पुढच्या फळीवर जाऊन बसली. सासूबाई मागे सुकाणूपाशी. आता सांगायचंच, म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुणीतरी श्वास सोडला.

दोघींपैकी कुणीच नाही. हा श्वास फार मोठा होता. वाफेचा फवारा उडाला, आणि पाण्यातून एक काळी पाठ वर आली. आली ती येतच राहिली. होडीच्या तिप्पट लांब, चौपटही असेल! सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, हलू का?"

"हलू नकोस," सासूबाई कुजबुजल्या.

देवमासा वळला आणि होडीखाली आला. हिरव्या पाण्यातून तो चालला होता, अगदी सावकाश. त्याच्या अंगावरचे पांढरे चट्टे दिसले, जुने ओरखडे दिसले, मग डोळा दिसला. त्या डोळ्यानं तिला पाहिलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण भीती कुठल्या कुठे गेली होती. एवढं प्रचंड काहीतरी जिवंत असतं आणि आपण चष्मे पुसत बसतो! त्यानं एकदा शेपूट हलवलं असतं, तर दोघींचा निकाल लागला असता. होडीला त्यानं साधा धक्काही लावला नाही. तो खाली गेला आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

 सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आयुष्यभर वाट बघितली गं माझ्या पोरानं याची," त्या शेवटी म्हणाल्या. "आपल्याला दिसला."

सून पाण्याकडून सासूबाईंकडे वळली.

"आई, हलू का?"

सासूबाईंनी सवयीनं काठ घट्ट धरला. "कुठे जातेस आता?"

"होडीत नाही. घरातून." आणि तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. माणूस, शहर, सोमवार.

"छापखान्यातलाच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर गुरुवारी बाईसाहेबांच्या बाहीला शाई! जन्म कापडात गेलाय माझा. दोन महिने वाट बघतेय, आज सांगेल, उद्या सांगेल. म्हटलं, होडी बुडाल्यावर सांगते की काय." त्या हसल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही. पाण्याकडे बघत राहिल्या.

"आई, तुम्ही नको म्हणालात तर..."

"थांब जरा. घाई कसली?"

त्यांनी सुकाणू दोरीनं बांधलं. वाकून, दोन्ही काठांना धरत, एकेक पाऊल टाकत त्या पुढे आल्या आणि मधल्या फळीवर बसल्या. पाय फाकवून नीट, बरोबर मध्यावर. होडी दोन्हीकडे डुलली आणि स्थिर झाली.

"हं," त्या म्हणाल्या. "हल आता."