पितळेचे फडके आणि मोटारीची काच

मित्रांनो, माझ्या अंगावर चित्र नाही, अक्षर नाही, रंगही नाही. मी एका जुन्या मोटारीची समोरची काच आहे, आणि मी आनंदात आहे. तो आनंद माझ्या हातून जाता जाता कसा राहिला, ते सांगते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, पसरली, निवली. मग दोन पातळ काचांच्या मध्ये एक मऊ, पारदर्शक पडदा दाबून मला एकजीव केले. दगड लागला तरी चुरा होऊन कोणाच्या अंगावर पडायचे नाही, हा तेव्हा मिळालेला संस्कार. पुढे मला मोटारीत बसवले आणि ती मोटार एका लहानशा वाद्यपथकाच्या पदरी पडली.

पथकात ट्रंपेट वाजवणारे बाबा आणि ढोल बडवणारे धडामकाका. गाडी चालवायची ती बाबांच्या लेकीने. मागच्या आसनावर ढोल एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखा ऐसपैस बसे. तालीम जाता जाता गाडीतच चाले. ट्रंपेटचा वरचा सूर लागला की माझ्या अंगातून बारीक थरथर जाई. काचेला कान नसतात म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी येऊन बसावे. पाऊस असला की वायपर ठेका धरत.

"काका, हे दोघं तुमच्यापेक्षा लयीत आहेत," लेक म्हणे.

"त्यांना एकच ठेका येतो. मला तीन येतात."

"तिन्ही एकदमच येतात, एवढीच अडचण आहे," बाबा म्हणत.

बाबांचा माझ्यावर फार जीव. रोज सकाळी ते पितळेचे पॉलिश लावून ट्रंपेट लख्ख करत आणि तेच फडके घेऊन माझ्याकडे येत. पाण्याचा थेंब नाही. रस्त्याची धूळ तशीच अंगावर, आणि फडके गोल गोल फिरे. मध्येच तोंडाची वाफ, पुन्हा चार हात. "पितळ असो की काच, घासल्याशिवाय तेज नाही," हे त्यांचे ब्रीद. येणारेजाणारे वाखाणत आणि मीही सुखावे. पण प्रत्येक फेऱ्यात धुळीचा एखादा कण माझ्यावर केसाइतकी बारीक रेघ ओढून जाई. सावलीत ती दिसत नसे. वर्षे गेली, रेघा साचत राहिल्या.

एका संध्याकाळी नदीकाठचे वळण संपले आणि मावळता सूर्य थेट समोर आला. त्यासरशी माझ्यावरच्या साऱ्या रेघा पेटल्या. प्रकाशाचे एक थोरले कोळ्याचे जाळे झाले आणि त्याच्यापलीकडे रस्ता बुडून गेला. त्या रस्त्यात एक आजीबाई सायकल हाती धरून चालल्या होत्या. लेकीला त्या दिसल्या त्या अगदी ऐन वेळी. तिने करकचून ब्रेक दाबला. ढोल गडगडत येऊन काकांच्या डोक्यावर आदळला. आजीबाईंनी आमच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि त्या सावकाश पलीकडे गेल्या.

लेकीने गाडी कडेला घेतली. "मला काही दिसलं नाही, बाबा. ही काच बदलायची. नाहीतर मी गाडी चालवणार नाही."

"अगं, रोज घासतो मी तिला."

"म्हणूनच."

बाबांनी खिशातले फडके आणखी आत सारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या दुकानामागे काढून टाकलेल्या काचांचा ढीग होता. माझीच भावंडे, आभाळाकडे तोंड करून पडलेली. बाई म्हणाल्या, "नख अडलं, तर ओरखडा खोल. मग काच काढायची. नाही अडलं, तर वाचेल."

त्यांचे नख माझ्यावरून सरकू लागले. मधोमध आले. स्टिअरिंगच्या वर येऊन थांबले.

"इथं अडतंय," बाई म्हणाल्या. बाबांनी डोळे मिटले. बाई वाकून पाहत होत्या. "किडा चिकटलाय हो. बाकी सगळं वरवरचं आहे."

मग त्यांनी पाण्यात कालवलेली बारीक भुकटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकतीवर घेतली आणि मी तापू नये म्हणून थांबत थांबत मला उजळले. निघताना बजावले, "आधी पाणी ओतून धूळ घालवायची. मग साबणाचं पाणी, मग स्वच्छ मऊ फडकं. कोरड्या काचेवर वायपरही नको. त्याचं रबर कडक झालंय, बदला. आणि तुमचं ते फडकं ट्रंपेटपाशीच ठेवा. एका फडक्यात दोन संसार होत नाहीत."

बाबा खाली मान घालून म्हणाले, "यापुढे मी हातच लावत नाही."

"असं कसं?" लेकीने नवी बादली त्यांच्या हातात दिली. "मी चालवणार, धुणार तुम्हीच. तुमच्याइतकं मन लावून कोण धुणार आहे?"

संध्याकाळी परतताना तिने मुद्दाम नदीकाठचाच रस्ता धरला. वळण संपले, सूर्य समोर आला. तिने ऊन अडवणारी पुढची झडप खाली ओढली. रस्ता तसाच होता, सोनेरी आणि स्वच्छ. त्याच्या कडेला एक कुत्रे आळस देत होते, तेही दिसत होते.

"दिसतंय का?" बाबांनी मान पुढे काढून विचारले.

"तुमचं डोकं दिसतंय. ते मागे घेतलंत, तर रस्ताही दिसेल."

काका ढोलावर थाप देत इतके हसले की त्यांचा ठेका पहिल्यांदाच चुकला नाही.

मित्रांनो, जिच्यावर जीव आहे तिला काय सोसते, तेही कधी विचारत जा. तुमच्या घरची गाडी निघण्यापूर्वी तिच्या काचेवर आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग हलक्या हाताने पुसा. आणि मग समोर पाहा. समोर पाहण्यासारखे खूप आहे.