चौबगला आणि तो कॅसिओ

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको.

लोणखेड्याजवळच्या एका गावात जमनाबाईंच्या घरी मी राहते. त्यांच्या लग्नात माहेरहून मी त्यांच्याबरोबर आले. तेव्हा माझे अंग काळे कुळकुळीत होते आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी होती. गावातल्या शाळेचे गणवेश मीच शिवायचे. दसऱ्याला जमनाबाई मला झेंडूचा हार घालत आणि आल्यागेल्याला सांगत, "हाई मशीन म्हणजे मन्हा उजवा हात शे."

मग बाजारात तयार गणवेश आले आणि माझे काम आटले. त्याच सुमारास जमनाबाईंच्या मुलाने, नवनीतने, नंदुरबारहून कॅसिओ, म्हणजे विजेवर वाजणारी पेटी, आणला. तो आला तोच आतल्या टेबलावर जाऊन बसला. त्याला रोज अगरबत्ती, आणि मला ओट्यावर सरकवून अंगावर गोणपाट. एक बटण लावायची ज्याला अक्कल नाही, त्याचे एवढे लाड मला बघवेनात.

नवनीतने बँड काढला. अहिराणी गाणी वाजू लागली, तशा दूरदूरच्या लग्नांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. सामान न्यायला गावातल्या भरतचा टेम्पो लागायचा. तालमीच्या दिवशी भजी विकणाऱ्या जसोदाबाईंची कढई चुलीवरून उतरत नसे. पारावर लोक म्हणत, "नवनीतना बँडमुळे गावले काम लागनं." ते ऐकून माझा जळफळाट व्हायचा. अरे, इतकी वर्षे या गावाच्या पोरांना कपडे कोणी घातले?

एक दिवस भंगारवाला दारात आला. नवनीतचे वडील मगनराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई लोखंड कसाले ठेवानं? भंगारमा दी टाकूत."

नेमके तेव्हाच नवनीतला बँडसाठी एकसारखे लाल सदरे हवे होते. "एवढा कपडा शिवी लेऊ द्या, मंग दखू," जमनाबाई म्हणाल्या. भंगारवाला पुन्हा येतो म्हणून गेला.

जमनाबाईंचा हात शाळेच्या मापावर बसलेला. आम्ही सदरे गणवेशासारखेच शिवले, अंगाबरोबर आणि बाह्यांना घट्ट. शाळेत पोरे हाताची घडी घालून बसतात, पण ढोलवाला टोला मारायला हात डोक्यावर नेतो, हे आमच्या ध्यानातच आले नाही. पहिल्याच वरातीत ढोलवाल्या गोपालच्या दोन्ही काखा टर्रकन फाटल्या.

"माय, काखमा सगळं फाटी गयं. लोके हासी ऱ्हायनात," नवनीत रडवेला होऊन म्हणाला.

"मशीनच म्हतारं व्हई गयं," मगनरावांनी निकाल दिला.

माझी शिवण जागच्या जागी होती, फाटले होते ते कापड. पण माझे कोण ऐकतो? आता आपण गेलोच, असे मला वाटले. जमनाबाई सदरा उलटा करून बराच वेळ बघत राहिल्या.

"मशीनले बोल लावू नका," त्या म्हणाल्या. "चूक मन्ही शे. मन्हा सासरानी बंडीले चौबगला ऱ्हाये. हात कितीबी वर जावो, काख फाटे नही."

चौबगला म्हणजे काखेत बसवलेला कापडाचा चौकोनी तुकडा. आम्ही प्रत्येक सदऱ्याला तो बसवला. पुढच्या वरातीत गोपालने असा ढोल वाजवला, की शहाद्याकडचे बँडवाले सदऱ्याची चौकशी करत आमच्या दारी आले. काम इतके वाढले, की जमनाबाईंनी शेजारच्या रुचिकाला मदतीला घेतले. भंगारवाला परत आला, तेव्हा मगनरावांनी त्याला चहा पाजून रिकामा पाठवला.

तरी माझी जळजळ गेली नाही. कॅसिओला मखमली खोळ हवी झाली आणि तीही मलाच शिवावी लागली.

मग गेल्या पावसाळ्यात तो बिघडला आणि दुरुस्तीसाठी सुरतला गेला. मी मनातून खूश झाले. पण दुरुस्ती लांबली आणि नवनीतने हातातल्या सुपाऱ्या परत केल्या. टेम्पो झाडाखाली उभा राहिला, जसोदाबाईंची कढई थंड पडली. बँडच बंद म्हटल्यावर नवे सदरे कोण शिवणार? रुचिका घरी बसली आणि माझ्या अंगावर पुन्हा गोणपाट आले. त्या दिवसांत मी कान लावून त्या मेल्याचीच वाट पाहत होते. हे त्याला सांगू नका.

मित्रांनो, गावात कोणी वाजवत असेल, गात असेल, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. त्याचा सूर लागला, की कितीतरी घरांची चाके फिरू लागतात. त्यातले एक माझे आहे. त्याचे वाद्य जपा, त्याला खुशाल अगरबत्ती लावा. फक्त त्याआधी माझ्या अंगात दोन थेंब तेल सोडा. आधी मला, मग त्याला.