बघायला कोण आलं?

हणमंतानं पत्र तिसऱ्यांदा वाचून दाखवलं, तरी विजयमालेचं आपलं तेच. म्हशीची धार कोण काढणार?

"धार, धार, धार!" हणमंत वैतागला. "सख्खी भन वाळव्यासनं हितं जयपुरात खेळाया येतीया, आन तुला म्हशीचं पडलंय. लोक काय म्हणतील?"

"लोकं कशाला काय म्हणत्यात? लोकांस्नी काय ठावं हाय?" असं म्हणून विजयमालेनं चुलीत फुंकर घातली. चूल चांगली पेटलेली होती, फुंकर घालायचं काही कारण नव्हतं. पण तोंड फिरवायला बाईला चुलीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पत्र तिच्या धाकट्या बहिणीचं, रत्नमालेचं. महाराष्ट्राच्या पोरींच्या खो-खोच्या संघात तिची निवड झालेली. सामने जयपूरला, पौषातले चार दिवस, रोज दुपारी चार वाजता. मुलींना मुक्कामाच्या शाळेबाहेर सोडत नाहीत, तेव्हा आक्का, तूच मैदानावर ये. आणि शेवटी लिहिलेलं, की सासरी जाताना नेसली होतीस ते हिरवं लुगडं नेसून ये, म्हणजे मला लांबनं ओळखू येशील.

आता हिरव्या लुगड्याची कथा अशी, की आठ वर्षांत त्याचा पार बोळा झालेला. ते नेसून विजयमाला गोठ्यातली कामं करायची.

हणमंत फौजेत नाईक. क्वार्टर अजून मिळालं नव्हतं, म्हणून खातीपुऱ्यात नंदकिशोर नावाच्या शेतकऱ्याच्या घरात खोली घेऊन दोघं राहायची. पोरं गावाकडं आजीपाशी शाळेला होती. घराच्या मागं मोहरीचं पिवळंधमक शेत आणि त्याच्या पल्याड नुसती वाळू. वारा सुटला की भाकरीत कचकच यायची. नंदकिशोरची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि त्याच्या आईची, म्हणजे माजींची, बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. नंदकिशोर जवळ गेला की म्हैस लाथ झाडायची. शेवटी एक दिवस विजयमाला कासेला बसली, तर त्या नाठाळ जनावरानं मुकाट पान्हा सोडला. तेव्हापासून तिच्या हाताशिवाय म्हैस दूध देत नव्हती. संध्याकाळची धार साडेचार-पाचची. चुकली की कास दगड.

कारण खरंच होतं. पण कारण खरं असलं म्हणून ते कारण असतंच असं नाही.

आणि दुसरं एक होतं. वाळव्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं, की धार काढणारी माहेरी गेली तर दुसऱ्यानं तिचं लुगडं गुंडाळून बसावं. जनावर वासाला भुलतं आणि दूध देतं. विजयमालेला हे ठाऊक होतं. हणमंतालाही होतं, शेतकऱ्याच्याच पोटचा तो. पण ती बोलली नाही, कारण तिला जायचंच नव्हतं. आणि तो बोलला नाही, कारण दुसरा म्हणजे कोण, हे त्याला दिसत होतं. मिशा पिळणारा फौजी गडी, त्यानं लुगडं नेसायचं?

पहिल्या दिवशी हणमंत सुट्टी काढून दोन सोबत्यांबरोबर मैदानावर गेला. जाताना शीळ घालत गेला आणि येताना मुका झाला. ताट पुढं ठेवलं तर भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसला.

"हरल्या व्हय?" विजयमालेनं विचारलं.

"जिकल्या. रत्ना सात मिंटं बाद झाली न्हाई. पुरी पाळी पळाली."

"मग?"

हणमंतानं तुकडा खाली ठेवला. "पोरी आखूड चड्डीत पळत्यात. खेळच तसा हाय, तेला काय करायचं. पण बघाया आलेलं समदं बाप्येच. काय काय बोलत व्हती, तुला सांगाया जीभ वळत न्हाई. माझ्या मागं बसून माझ्या मेव्हणीवर बोलत व्हती, आन मी गप बसलो. तिथं एक बाई असती न्हवं, तर तोंडं आवरली असती."

एवढं बोलून तो हात धुऊन उठला. विजयमालेनं भाकरी झाकून ठेवली. तिला नवऱ्याचा राग आला, त्या मेल्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुभेदारांच्या शकुंतलाबाईंकडं गेली. मराठी बोलणाऱ्या आसपास त्याच एक. भीत भीत विषय काढला, की मुलींचे सामने आहेत, जाऊ या का दोघी? शकुंतलाबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, क्रिकेट असतं तर गोष्ट वेगळी. आमच्याकडं ते रेडिओ लावून बसतात, चहा देता देता कानावर पडतं, म्हणून कोण बाद आणि कोण नाबाद एवढं तरी कळतं. पोरींच्या खो-खोतलं काय बघायचं? आणि मग हसून म्हणाल्या, "आपण काय दिवसभर कमी पळतो का गं? आपल्याला कुणी येतं का बघायला?"

विजयमालाही हसली. परत येताना तिच्या ध्यानात आलं, की बाई नको म्हणाल्या त्याचं आपल्याला बरंच वाटलं. सोबत नाही, हे आणखी एक कारण मिळालं होतं.

हणमंताची त्या दिवशी ड्यूटी होती. दुपारी चारचा सुमार झाला. थंडीनं गुरांच्या डोणीतलं पाणी हाताला चावत होतं. विजयमाला शेणी थापायला बसली, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. आता शिट्टी झाली असेल. आता पहिल्या तिघी आत गेल्या असतील. म्हैस बाहेर बांधलेली, गोठ्यात दोन खुंटे रिकामे. ती उठली, का उठली तिचं तिला कळलं नाही. पदर खोचला, एका खुंट्याला हात घालून गर्रकन वळली, मधनं नागमोडी पळत दुसऱ्या खुंट्याकडं गेली, उजवीकडं हुलकावणी दाखवून डावीकडनं निसटली. पाय काही विसरले नव्हते. दम मात्र लागला.

दारात माजी उभ्या होत्या. घागरा सावरत आत आल्या आणि शेणाच्या पाटीपाशी बसल्या. सून म्हणून त्या तिला बीनणी म्हणायच्या. माजींची बोली मारवाडी, हिची हिंदी मोडकीतोडकी, दोघींचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांत चालायचं. पण त्या दिवशी विजयमालेनं सगळं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा कधी बोलली नव्हती ते सांगितलं.

रत्नाच्या आधी ती खेळायची. तालुक्याला खेळली, जिल्ह्याला खेळली. अख्ख्या वाळव्यात तिला शिवणारी पोरगी नव्हती. पंचमीला फुगड्या-झिम्म्याला गावच्या बाया जमायच्या तशा हिचा खो-खो बघायला जमायच्या, शेतातली खुरपी टाकून यायच्या. राज्याच्या निवडीचं पत्र आलं, तेव्हा अंगाला हळद लागलेली होती. बापानं पत्र वाचलं, घडी घालून मुंडाशात खोवलं आणि म्हणाला, तांदूळ पडायचेत उद्या. पाठवणीच्या वेळी तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवून एकच मागितलं, की माझं झालं ते झालं, रत्नीला खेळू द्या. बापानं शब्द पाळला.

"आन आता ती पळती, तर मला बघवत न्हाई, माजी," ती मराठीतच बोलून गेली. "मीच मागितलेलं तिला मिळालं, आन माझ्याच पोटात दुखतंय. पाठच्या भनीचा हेवा. मी कसली आक्का?"

माजींना शब्द किती कळले कोण जाणे. वाकड्या बोटांनी त्यांनी तिच्या गालावरचं शेण पुसलं. मग म्हणाल्या, की मी सत्तर वर्षांत पोरींना डोक्यावर घागरी घेऊन पळताना बघितलंय, आगीतनं गुरं काढायला पळताना बघितलंय. नुसती खेळायला पळणारी पोरगी बघितली नाही. मला दाखव.

त्या संध्याकाळी हणमंत घरी आला. बूट काढले, मिशीवरनं हात फिरवला आणि भिंतीकडं बघत बोलला.

"उद्या धार मी काढतो. ते हिरवं लुगडं ठेवून जा."

विजयमालेनं त्याच्या ताटात तूप दोनदा वाढलं.

तिसऱ्या दिवशी माजींना घेऊन ती बसनं शहरात गेली. नेसणं जांभळ्या पातळाचं. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली आणि दोरीमागं पुरुषांचा खच. दोघी सगळ्यांत पुढं जाऊन वाळूत फतकल मारून बसल्या. मागनं कुणीतरी काहीतरी बोललं आणि खिदळलं. माजींनी ओढणी मागं सारली, वळल्या आणि आपल्या बोलीत चार शब्द ऐकवले. विजयमालेला ते कळले नाहीत, पण ज्यांना कळायचे त्यांना कळले. ती टोळी उठून पलीकडच्या बाजूला गेली.

विजयमालेची नजर मैदानात रत्नाला शोधत होती. ती तिथं नव्हती. ती बाकावर होती. उजव्या घोट्याला हे एवढं पांढरं फडकं बांधलेलं.

"रत्ने!"

रत्नानं मान वळवली. लंगडत आली आणि दोरीवरनंच गळ्यात पडली. मग विजयमालेनं घोट्याला हात लावून विचारलं, कशानं झालं?

"काल गं. खांबावर आदळले."

"खांबावर? तू? डोळे झाकून वळाया शिकवलंय मी तुला."

रत्ना हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "पळताना एकदाच बाजूला बघितलं आक्का. कडंला हिरवं कायतरी दिसलं. वाटलं, तू आलीस. पताका व्हती कसली तरी. तवर खांब आला."

तिनं काही दोष दिला नव्हता. आणि ती दोष देत नव्हती, म्हणूनच ते विजयमालेच्या काळजात घुसलं. ज्या वेळी ही पोरगी आपल्याला शोधत होती, त्या वेळी आपण गोठ्यात खुंट्याभोवती एकटंच पळत होतो. म्हशीची धार! तिला त्या म्हशीची, स्वतःच्या हातांची, सगळ्याची लाज वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "याय पायजे व्हतं पहिल्याच दिशी."

"आज आलीस न्हवं? बस. माझ्या पोरींचा खेळ बघ."

शिट्टी झाली. रत्ना बाकावर गेली. आता उठून जायला हरकत नव्हती, ज्याच्यासाठी आलो ते माणूस खेळतच नव्हतं. पण विजयमाला हलली नाही. विदर्भ-कोकणातल्या, कुठल्या कुठल्या अनोळखी पोरी. एक बुटकी होती, वेणी खोचलेली, फार सुरेख वळायची. दोन मिनिटांत विजयमाला गुडघ्यांवर उठली. चौथ्या मिनिटाला ती ओरडत होती.

"अगं पाठ दाव तिला, पाठ! खांब सोडू नगं! आता सूट!"

बुटकीला कुठनं कळावं ही कोण. पण ती खरंच सुटली. माजींना नियम एक कळत नव्हता, त्या टाळ्या पिटत होत्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. मागची माणसं ह्या दोघींकडं बघत होती, बघता बघता खेळाकडं बघायला लागली.

पोरी एका गुणानं हरल्या. रत्ना असती तर हरल्या नसत्या, हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि दोरीपाशी बसलेल्या एकीलाही ठाऊक होतं. संघ दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं परत जाणार होता. निघताना रत्नानं तिच्या पातळाचा काठ हातात धरून बघितला आणि विचारलं, "हिरवं कुठाय गं?"

"दाजींनी नेसलंय तुझ्या," विजयमाला म्हणाली. तिनं सगळं सांगितलं, तेव्हा कुठं ती पोरगी पोटभर हसली.

दिवेलागणीला दोघी घरी आल्या. गोठ्याच्या दारात हणमंत बसला होता. अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावरनं पदर, पदराखालनं मिशा. चरवीत निम्मंच दूध. नंदकिशोर लांब उभा राहून दुसरीकडं बघत होता, हसू दिसू नये म्हणून.

"निम्मंच दिलं," हणमंत म्हणाला. "आन एक लाथ दिली. रत्ना कशी हाय?"

विजयमालेनं घोट्याचं, हरल्याचं आणि सकाळच्या गाडीचं सांगितलं. हिरव्या पताकेचंही सांगितलं, काही झाकलं नाही. त्यानं पदर डोक्यावरनं खाली घेतला.

"उद्या मला परत जायाचंय," ती म्हणाली.

"उद्या? आपल्या पोरी तर हरल्या. रत्ना बी सकाळच्याला निघाली. आता कुणाला बघाया जातीस?"

"कुणी का असंनात." तिनं चरवी उचलली. "पळता पळता एकादीनं बाजूला बघितलं, तर तिला तिथं बाई दिसाय पायजे."

हणमंतानं लुगडं सोडलं. ती धुण्याच्या बादलीत टाकायला पुढं झाली, तर त्यानं ते तिच्या हातनं काढून घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

"धुऊ नगंस," तो म्हणाला. "वास गेला, तर उद्या म्हस मला वळखायची न्हाई."