झोपलं की जाणारी गाठ

आमच्या सासूबाई म्हणजे भलत्याच खमक्या! पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर बारीक भोकं तेवढी, आणि लगेच आमच्या लॉन्ड्रीत हजर. ओल्या चादरींची बादली मी उचलते म्हटलं, तर म्हणे, "राहू दे, तुझ्या कमरेचा काटा ढिला व्हायचा."

मग बेंबीजवळच्या भोकाशी गाठ आली. लिंबाएवढी. बादली उचलली की टरारून वर यायची, झोपलं की गडप. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण डॉक्टर त्यांना टेबलावर झोपवायचे, पोट चाचपायचे आणि म्हणायचे, "हाताला काहीच लागत नाही."

"अहो आई, उभं राहून दाखवा ना!"

"उभ्याउभ्या पोट उघडं टाकू त्या पोरगेल्या डॉक्टरपुढे? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग."

त्यांच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय! आमचे हे वर चेष्टा करायचे, "आईची गाठ म्हणजे भूत. तिला एकटीलाच दिसतं." मलाही दिसतं म्हटलं, तरी हसण्यावारी न्यायचे. आई हसायच्या नाहीत. पोटच्या पोराने खोटं ठरवलं, हे त्यांना गाठीपेक्षा जास्त लागलं होतं.

परवा मात्र त्या एकाएकी खुशीत आल्या. इस्त्री करताना गुणगुणत होत्या. जेवण तेवढं परत केलं. काल ओकल्या, "पित्त," म्हणाल्या. पित्ताशयच काढलेल्या बाईला कसलं मेलं पित्त? आत्ता चला म्हटलं, तर "आपला नंबर उद्याचा आहे," म्हणून कुशीवर वळल्या.

आज टेबलावर त्या स्वतःहून आडव्या झाल्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे, डोळे मात्र चमकत होते. पोटावरचं कापड त्यांनीच बाजूला केलं. गाठ होती. झोपल्यावरही होती. टणक, जांभळी पडलेली.

डॉक्टरांनी बोट लावलं आणि फोन उचलला. "थिएटर तयार ठेवा, आत्ताच्या आत्ता. आतडं अडकलंय." मग आईंना विचारलं, "कधीपासून आत जात नाही ही?"

"परवापासून. मी ढकलूनसुद्धा पाहिली नाही. तुम्हाला दाखवायची म्हणून जपून ठेवली."

आईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"पाहिलंस ना? आता त्याला सांग," त्या म्हणाल्या, "आई खोटं बोलत नव्हती."