जानफी कोण?

वसीलाने माहितीपुस्तिकेचं ते पान लिहिलं तेव्हा ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या कचेरीत त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहणार तरी कशाला? फाइली पाठवणाऱ्या सर्व्हरने कोणी, कधी, कोणती फाइल पाठवली याची नोंद कशी करायची, कुठली खूण टाकली की ओळीत काय उमटतं, एवढंच त्यात होतं. कथाकादंबरी थोडीच होती ती. पण या महिनाअखेरीस वसीलाची उमेदवारी संपत होती. तिचे साहेब सी नाजी ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') यांनी सांगून ठेवलं होतं, जॉर्डनमधलं नवं गिऱ्हाईक असलेल्या अम्मानच्या छापखान्याने नुसतं पान वाचून नोंदी सुरू केल्या तर नोकरी पक्की. मदतीसाठी फोन आला, तर मात्र कारभार आटोपला.

फोन आलाच. छापखान्याचा सर्व्हर सांभाळणारे अबू लैस चांगलेच तापले होते.

"पोरी, हा जानफी कोण?"

नाव कोणाचंही असो, नोंदीच्या प्रत्येक ओळीत त्याच्या शेजारी हा जानफी ठाण मांडून बसलेला. त्यांनी सगळ्या कामगारांना विचारलं, कॉफीवाल्यालाही सोडलं नाही. जानफीवर बंदी घालायला गेले, तर सर्व्हर म्हणतो असा कोणी माणूसच नाही. आणि पठ्ठ्या पुढच्या ओळीत पुन्हा हजर.

वसीलाने कपाळावर हात मारला. पानावरची नमुन्याची ओळ तिचीच. तारखेसाठी तिने सवयीने ट्युनिशियातल्या महिन्यांची खूण टाकली होती, अम्मानवाल्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. शेजारी सी नाजी कान टवकारून बसले होते. थाप मारून वेळ मारून नेता आली असती, पण तिला ते जमेना.

"काका, तो माणूस नाही, वर्षाचा पहिला महिना आहे. तुमच्या कानून सानीला आम्ही जानफी म्हणतो. चूक माझी, पानात सांगायला हवं होतं."

पलीकडे असं हसू फुटलं की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बरं, मग हा जाणार कधी?"

"एक तारखेला, काका. पण लगेच फीफरी येईल."

अबू लैस यांनी साहेबांना फोन द्यायला सांगितलं. सी नाजी बराच वेळ नुसते हो हो करत राहिले. वसीला रडकुंडीला आली होती.

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. "अम्मानवाले म्हणतात, आमचेही महिने पानात घाला, आणि ते या पोरीनेच लिहायचे. तेव्हा फीफरीत माझ्याकडे सुट्टीबिट्टी मागू नकोस."