मुलगा खोलीत असताना

मास्तरांनी उभं आयुष्य शाळेच्या मैदानावर काढलं. आवाज खणखणीत, बोलणं मोजकं. पोरं पळून मेटाकुटीला आली की म्हणायचे, "चल, अजून एक फेरी." स्वतःच्या मुलालाही त्यांनी कधी सूट दिली नाही. मग एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच. मुलाने लांब रजा काढली आणि तो बाबांना रोज फिजिओथेरपीला न्यायला लागला. आधाराच्या दोन दांड्यांच्या मध्ये त्यांना उभं केलं की हा समोर हात पसरून उभा राहायचा. "या बाबा. अजून एक पाऊल. जमतंय तुम्हाला." हे शब्द त्याला शोधावे लागले नव्हते. लहानपणापासून कानात बसलेले होते.

पण घोडं अडलं ते अडलंच. पायात जोर परत आला होता, तरी पाऊल टाकायची वेळ आली की पाय लाकडासारखा ताठ व्हायचा. थेरपिस्ट मॅडमना कारण कळेना. शेवटी त्यांनी मास्तरांच्या मनावरचा ताण मोजायला घेतला. बोलता येत नव्हतं, म्हणून व्यायामाच्या आधी आणि मध्ये बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायच्या आणि चेहऱ्यांचं एक कार्ड समोर धरायच्या, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. मास्तर डाव्या हाताचं बोट रोज शेवटच्या, रडव्या चेहऱ्यावर ठेवायचे.

मुलगा तापाने पडला, तेव्हा शेजारचे काका मास्तरांना घेऊन आले आणि बाहेर पेपर वाचत बसले. त्या दिवशी नाडी शांत होती. बोट मधल्या चेहऱ्यावर थांबलं. आणि पाऊल पडलं.

मुलगा परत आला तशी नाडी पुन्हा धावायला लागली. मॅडमनी खात्री करून घ्यायला त्याला कधी औषधाला पाठवलं, कधी पाणी आणायला. दर वेळी तो बाहेर गेला की पाऊल पडायचं. मग त्याला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "काही दिवस तुम्ही आत येऊ नका."

"का? माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमच्यासमोर पडायची त्यांना लाज वाटत असावी."

"मॅडम, मी त्यांना आंघोळ घालतो. माझ्यापासून कसली लाज?"

"म्हणूनच असेल."

"मी त्यांना नकोसा तर झालो नाही ना?"

"तेवढं या कार्डावर कळत नाही," मॅडम म्हणाल्या. नुसता धीर द्यायला खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

तेव्हापासून तो बाहेरच्या बाकावर बसायला लागला. आत मास्तर दांडे सोडून काठीवर आले. पुढे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. एकदा ते इतके छान चालत होते की मॅडमना राहवलं नाही. त्यांनी दार उघडून मुलाला हाक मारली. तो धावतच आला.

मास्तरांनी त्याला पाहिलं आणि पाय जागीच थिजला. काठी डगमगली. मॅडमनी कसंबसं सावरून त्यांना खुर्चीत बसवलं. मास्तरांची मान खाली गेली.

मुलगा शांतपणे म्हणाला, "बसा बाबा. मी आत्ताच आलो. काही पाहिलं नाही."

थंडीत मास्तरांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

दिवस वगैरे उरकल्यावर मुलगा काठी परत द्यायला आला. मॅडमनी ती घेतली, तरी तो दारातच घुटमळला.

"कसे चालायचे ते?"

मॅडम खोलीच्या कडेला गेल्या, काठी डाव्या हातात घेतली आणि चालायला लागल्या. आधी काठी, मग उजवा पाय, जरा बाहेरून गोल फिरवत. चवडा घासायचा तसा घासला. मग डावा. मध्येच थांबून एक श्वास. तो पापणी न लववता बघत होता.

"आणि मान?" त्याने विचारलं. "मान खाली असायची?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "चालताना ताठ असायची."

त्याने मान डोलावली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि पहिल्यांदाच हमसून हमसून रडला.