खांबाच्या मागची खुर्ची

पहिला भोंगा

हा नुसता सावध करायला असतो. तो वाजला की तळ्यावरच्या होड्या रेषेच्या अलीकडे घिरट्या घालायला लागतात, दुकानाचं शटर वर जायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसारख्या.

बटण माझ्या अंगठ्याखाली आहे. घड्याळ मास्तरांच्या गळ्यात. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. क्लबात त्यांना मिनिटमास्तर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. आम्ही दोघं काठावरच्या लाकडी खोलीत, खिडकीपाशी. खिडकीबाहेर पांढरा खांब. तळ्यात, बरंच आत, नारिंगी बोया. खांबापासून बोयापर्यंत जी रेषा कुणीच काढलेली नाही, ती सुरुवातीची रेषा.

शेवटच्या भोंग्याआधी जी होडी ती ओलांडेल, तिच्यासाठी मी एक जादा भोंगा वाजवायचा. मग तिने मागे वळायचं, रेषेच्या अलीकडे यायचं आणि नव्याने निघायचं. वाद नाही. बुधवारच्या हौशी शर्यतीत खिडकीतल्या माणसाचा शब्द शेवटचा.

या हंगामात खिडकीतलं माणूस मी.

आज शेवटची शर्यत. निळ्या होडीत सुकाणूवर माझी धाकटी बहीण आहे. पुढच्या शिडाचा दोर धरून माझा नवरा.

तो दोर माझा. म्हणजे, होता. आणि सुकाणू? इतक्या वर्षांत शर्यतीत एकदाही त्याने माझ्या हातात सुकाणू दिलेलं नाही. सकाळी न्याहारी करताना सहज म्हणाला, "आज सुकाणू धाकटीकडे देतो."

मी म्हटलं, "हो, दे की."

दुसरा भोंगा

गुडघा कसा गेला ते सांगायला लाज वाटते. वादळात गेला असता तर बरं झालं असतं. आमच्या क्लबात जो जिंकतो त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे असतात. गेल्या हंगामाच्या शेवटी आम्ही जिंकलो होतो. कपांचा ट्रे घेऊन मी धक्क्यावरून येत होते, पाय ओल्या फळीवर सरकला. कप एकही फुटला नाही. त्याचं सगळ्यांनी फार कौतुक केलं.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर होडी नाही.

नवरा म्हणाला, "मग मी कुणाला घेऊ?"

आणि मी, मी स्वतः, याच तोंडाने म्हणाले, "धाकटीला शिकव ना. घटस्फोटापासून घरातच बसून असते."

धाकटी बेकरीत केकवर आयसिंग करते. हात इतका स्थिर की साखरेची नावं छापल्यासारखी उमटतात. पाण्याला मात्र घाबरायची. लहानपणी बादलीत पाय घालायला रडायची. मी म्हटलं, दोन रविवार येईल आणि सोडून देईल.

रविवारचं शिक्षण गवतावर ठेवलेल्या होडीत सुरू होतं. शिकाऊ लोक कोरड्या होडीत बसून हवेत दोर ओढतात. माझा नवरा आठवडाभर लिफ्टच्या दुरुस्त्या करतो, रविवारी हे. मी खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून बघत होते.

तो म्हणाला, "वारा डोळ्यांनी शोधू नका. गालाने ओळखा. ज्या गालाला गार लागेल, तिकडून वारा."

सगळ्यांनी गाल वर केले.

हे वाक्य त्याने मला सांगितलं होतं. लग्नाच्या आधी, याच तळ्यावर, आणि सांगताना गालाला बोट लावलं होतं. मला वाटायचं ते वाक्य माझं आहे. ते अभ्यासक्रमात होतं.

धाकटीने डोळे मिटले, मान फिरवली आणि म्हणाली, "भावोजी, इकडून. आणि आता थोडा बदलला."

"बदलला?" त्याने वर झेंड्याकडे पाहिलं. झेंडा नंतर हलला.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, हिला कळतंय!"

तिसऱ्याच शर्यतीत तिने कप धुतले. संध्याकाळी मला फोन. "ताई, हाताला अजून साबणाचा वास येतोय."

"घासून धू, जाईल," मी म्हटलं.

तिसरा भोंगा

मास्तर म्हणतात, "एकच मिनिट राहिलं, बाई." एरवी ते मला चष्मेवाल्या बाई म्हणतात. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. लोक हनुवटी टेकवतात, मी एकेक काच पुढे सरकवते आणि विचारते, आता स्पष्ट दिसतंय, की आधी?

तर, खुर्ची.

खोलीच्या फरशीवर रंगाने एक फुली काढलेली आहे. रेषा बघणाऱ्याने त्या फुलीवर उभं राहायचं, खांबाच्या बरोबर मागे. मग खांब आणि बोया एकावर एक येतात आणि होडी पुढे आहे की मागे ते चोख दिसतं. मला उभं राहता येत नव्हतं. मास्तरांनी खुर्ची आणली. फुलीवर ठेवली असती तर दार पूर्ण उघडलं नसतं, म्हणून ती जराशी बाजूला राहिली. हातभर.

हातभर म्हणजे काहीच नाही. दूरच्या टोकाला, बोयापाशी सुटणाऱ्या होड्यांना त्याने काही फरक पडत नाही. पण खांबापाशी, अगदी खिडकीखालून जी होडी सुटते, ती खुर्चीतून बोयावर नेम धरून बघताना रेषेच्या पुढे दिसते, मागे असली तरी.

खांबापासून सुटायची सवय सगळ्या क्लबात एकाच माणसाला आहे.

हंगामाच्या सुरुवातीला मी त्याला दोनदा परत बोलावलं, आणि मनापासून बोलावलं. पुढे दिसली, वाजवला. तो लगेच वळला. धाकटी ओरडली, "ताई, आम्ही मागे होतो!" मास्तर म्हणाले, "पाण्यावर नाती नाहीत हं," आणि सगळी खोली हसली. सगळी खोली म्हणजे आम्ही दोघंच.

मग एकदा चहाचा कप घ्यायला उठले. सहज फुलीवर पाय पडला. निळी होडी मागे होती. स्वच्छ मागे.

बसले. होडी पुढे.

उठले. मागे.

आता स्पष्ट दिसतंय, की आधी?

समोर हाताचं बोट धरून एक डोळा मिटा, मग दुसरा, बोट सरकल्यासारखं दिसतं. हे मी शाळेतल्या मुलांना गंमत म्हणून दाखवते. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या बुधवारी आले, खुर्ची होती तिथेच होती, आणि मी बसले.

खोटं मी एकदाही वाजवलं नाही. खुर्चीतून होडी पुढेच दिसायची. दर वेळी धाकटी पाठ पाण्यावर झोकून, पाय होडीच्या तळाशी असलेल्या पट्ट्यात अडकवून, दात दाखवत निघालेली असायची आणि माझा भोंगा तिच्या पाठीवर पडायचा. ती आत यायची, शीड फडफडायचं, होडी वळायची. ते फडफडणं मला खोलीत ऐकू यायचं. छान वाटायचं. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "गुडघा कसा आहे?" बस्स, एवढंच. रेषेबद्दल चकार शब्द नाही.

तो पायपट्टासुद्धा तिच्या मापाचा करून दिलाय त्याने. ती माझ्याहून उंच आहे. बारीक आहे. होडी तिच्यासोबत हलकी चालते असं मास्तर म्हणाले होते, आणि मग एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले होते.

आणि आज.

आज मी खोलीत आले तेव्हा खुर्ची फुलीवर होती. पाय चारही बाजूंना नीट, फुली मधोमध. दार अर्धवटच उघडलं, मला तिरकं होऊन आत शिरावं लागलं.

"मास्तर, खुर्ची कुणी हलवली?"

मास्तर घड्याळाची काच रुमालाने पुसत होते. "शेवटची शर्यत," म्हणाले. "म्हटलं, बसायला ऐसपैस असावं."

इथे ऐसपैस काहीच नव्हतं. माझा गुडघा भिंतीला टेकत होता.

चौथा भोंगा

हा सुटायचा. मी वाजवते.

पण त्याच्या अगोदरच्या क्षणी, खांब आणि बोया एकावर एक असताना, निळ्या होडीचं नाक खांबाच्या पुढे आलेलं होतं. पाव होडी. कदाचित जास्तच. खांबापाशीच, नेहमीच्या जागी, फक्त सुकाणूवरचा हात नवा. घाई झाली तिला. सुकाणू हातात आलं की सगळ्यांनाच होते. मला झाली असती का ते मला माहीत नाही, कारण

पुढे होती. खरोखर पुढे. या हंगामात पहिल्यांदा.

जादा भोंगा

अंगठा बटणावर.

वाजवला तर: बघा, शेवटच्या दिवशीसुद्धा सोडलं नाही बिचारीला.

वाजवला नाही तर: ती जिंकेल. सुकाणूवर बसून, माझ्या नवऱ्याला पुढे बसवून, जिंकेल आणि कप धुवेल आणि फोन करेल.

मास्तर घड्याळाकडे बघत आहेत. शर्यत सुटल्यावर घड्याळात बघण्यासारखं काही नसतं.

वाजवायला हवा. इतके खोटे वाजवले, एक खरा वाजवायला काय जातं? (खोटे नव्हते.) पण हा एक खरा वाजवला की बाकीच्यांचा हिशेब मास्तर लावणार. त्यांनी लावलेलाच आहे, नाहीतर खुर्ची कशाला सरकवली असती. मग आता वाजवला तरी काय आणि

अंगठा उचलला.

निळी होडी निघाली होती. सगळ्यांच्या पुढे, शीड भरलेलं. मग, अजून कुणी काही म्हणालेलं नसताना, ती वळली. नाक फिरलं, शीड फडफडलं, तोच आवाज. बाकीच्या होड्यांना वाट देत ती रेषेच्या अलीकडे आली, पुन्हा फिरली आणि सगळ्यांच्या मागून निघाली.

"अरेच्चा," मास्तर म्हणाले. "तुम्ही वाजवला का, बाई?"

"नाही."

"मलाही ऐकू आला नाही," ते म्हणाले. त्यांनी खिशातून गोळी काढून मला दिली. मी ती कागदासकट मुठीत धरून बसले.

कप

जिंकला एक दाढीवाला रंगारी. तो नळापाशी बाह्या वर करून कप धूत होता आणि साबण कुठे आहे ते सगळ्यांना विचारत होता.

धाकटी धक्क्यावर आली. केस चिकटलेले, नाक लाल. "ताई, झोपली होतीस काय? आम्ही केवढे पुढे होतो. भोंगा कुठाय?"

"दिसलं नाही."

"एरवी मागे असताना दिसतो आम्ही."

नवरा दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "खुर्चीतून नीट दिसत नाही तिला."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. तो दर वेळी वळत गेला होता, गुडघ्याची चौकशी करत गेला होता.

मग तो हसला. माझ्याकडे बघून नाही. "पण ही बघ ना. मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हणतोय, अगं चल, भोंगा नाही, चल! आणि ही सरळ वळवते. म्हटलं, काय करतेस? तर म्हणते, पुढे होतो ना आपण."

"होतोच की," धाकटी म्हणाली.

"होतोच की," त्याने तिची नक्कल केली. तो आवाज मला माहीत आहे. कुठलीतरी अडलेली लिफ्ट कशी एका झटक्यात सुटली ते सांगताना तो असा बोलतो. मी काही केलं त्याबद्दल असा बोललेला आठवत नाही.

"आणि ऐक," धाकटी माझ्या दंडाला ओल्या हाताने धरून म्हणाली, "पुढच्या हंगामात मी क्लबातली ती एकटीची होडी घेतेय. छोटीशी. भावोजी ओरडतात फार. तुझा गुडघा बरा झालाय ना? मग तुझी जागा तुला."

"हो का," मी म्हटलं. "बरं झालं."

वर्षभर मला हेच हवं होतं. ती जागा, तो दोर. आता मिळाली, आणि मिळाली कशी, तर तिला नको होती म्हणून. लहानपणी तिचे कपडे मला होत नसत, मी मोठी. माझेच तिला जायचे. ही उलटी वाटणी आमच्या घरात पहिल्यांदाच झाली.

नवरा म्हणाला, "एकटीची होडी चपळ असते हं, धाकटीबाई. जपून." तो तिच्या त्या छोट्या होडीकडे बघत होता. ती धक्क्याच्या टोकाला उलटी घालून ठेवली होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दोघं चहाला गेले. रंगारी आता कप कुठे पालथे घालायचे ते विचारत होता.

मी काठाला लावलेल्या निळ्या होडीत उतरले. गुडघा दुखला नाही. माझ्या जागी बसले. दोर हातात घेतला. समोर कुठे रेषा नव्हती. आणि मला एकच गोष्ट आठवत राहिली, की भोंगा नसताना, सगळ्यांच्या पुढे असताना, सुकाणू माझ्या हातात असतं तर मी वळवलं नसतं. हे त्याला माहीत आहे का? असणारच. खुर्चीचं माहीत होतं.

खाली वाकून पाय पट्ट्यात घातले. पट्टा सैल होता, तिच्या मापाचा. मी बक्कल ओढून तो माझ्या मापाचा केला. मग पुन्हा सैल करून पाहिला, तिच्यासारखं मागे झोकून देता येतं का ते बघायला.

मग पुन्हा ओढला.